छतातला इन्फिनिट बॅफल सबवूफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटरच्या छतात सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर) बसवायचा आणि वरच्या पोटमाळ्यालाच त्याची पेटी करायची, असा बेत करताना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. क्रम मुद्दाम असा आहे: आधी माळा, मग तुळया, मग वूफर. बहुतेक जण उलटे जातात. वूफर आधी घरात येतो आणि मग कुणीतरी बॅटरी घेऊन माळ्यावर चढतं. या प्रकारात घर काय देऊ शकतं यावर सगळं ठरतं, त्यामुळे खरेदीची घाई करू नका.

इन्फिनिट बॅफल म्हणजे नेमकं काय?

वूफरचा कोन (हवा हलवणारा शंकूसारखा पडदा) पुढे सरकला की समोर हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तितकाच कमी होतो. खर्जाच्या लहरी फार लांब असतात. २० हर्ट्झची लहर सुमारे १७ मीटरची. त्यामुळे वूफर उघडाच ठेवला तर पुढची आणि मागची हवा कडेने वळून एकमेकींना मिटवून टाकते आणि खर्ज ऐकूच येत नाही. या दोन बाजू वेगळ्या ठेवणं हेच पेटीचं काम. पण लहान बंद पेटीतली हवा स्वतःच स्प्रिंग होऊन कोनाला अडवते, त्याचा रेझोनन्स (ज्या सुरावर तो आपणहून डोलतो) वर ढकलते आणि सगळ्यात खालचे सूर महाग करते. इन्फिनिट बॅफलमध्ये मागची जागा इतकी मोठी असते की कोनाला ती हवा जवळजवळ जाणवतच नाही. उरतो फक्त त्याच्या स्वतःच्या स्पायडरचा आणि सराउंडचा, म्हणजे कोनाला मागून आणि कडेने धरणाऱ्या लवचिक कड्यांचा, ताण.

कल्पना जुनीच आहे. १९५४ साली एडगर विल्चर यांनी पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून कामाला लावणारा एआर-१ स्पीकर आणला आणि आटोपशीर पेट्यांचा काळ सुरू झाला. मोठ्या बॅफलवर किंवा थेट भिंतीत वूफर बसवणं त्याआधीपासून चालत आलेलं होतं.

माझ्या घरात हे जमेल का?

थिएटरच्या वर उतरत्या छपराखालचा बंद, मोकळा माळा असेल तर बहुधा जमेल. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर छताचा विचार सोडा आणि शेजारची कोठी, जिन्याखालची जागा किंवा तळघर बघा. तत्त्व तेच राहतं, वूफर फक्त भिंतीत जातो. वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल, तर दोन मजल्यांमधल्या पोकळीत हे करू नका. ती पोकळी लहान असते आणि वरच्या माणसाची झोप त्याहून लहान होईल.

स्लॅबखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे. त्यातली पोकळी चालेल का?

हिशोबात चालेल असं वाटतं, प्रत्यक्षात नाही. ६ बाय ४ मीटरची खोली आणि ३० सेंटीमीटर पोकळी धरली तर ७,२०० लिटर जागा मिळते, आकडा काही वाईट नाही. पण वूफरची मागची लहर थेट जिप्समच्या त्या हलक्या पत्र्यावर आदळते. खर्जाच्या दाबाने अख्खं सीलिंग वरखाली होतं, उलट्या फेजमध्ये, म्हणजे वूफरच्या विरुद्ध दिशेने हलत, खोलीतच आवाज सोडतं, आणि दिव्यांच्या भोकांतून उरलेला दाब गळतो. बॅफल म्हणजे न हलणारी भिंत, आणि तीच इथे हलते. शिवाय ३० सेंटीमीटरमध्ये चांगला मॅनिफोल्ड (समोरासमोर वूफर बसवलेली, एका तोंडाची पेटी; ती पुढे येते) मावत नाही.

माळा किती मोठा हवा?

उत्पादक प्रत्येक वूफरचा व्हीएएस देतात. किती आकारमानाची हवा त्या वूफरच्या ताणाइतकाच ताण देईल, याचा तो आकडा. सगळ्या वूफरांच्या व्हीएएसची बेरीज करा. माळा त्याच्या दहापट असेल तर निश्चिंत राहा. चौपट ही खालची मर्यादा समजा. यामागे साधं गणित आहे. बसवल्यावरचा क्यू (रेझोनन्सपाशी कोन किती मोकळा डोलतो त्याचा आकडा) हा मूळ क्यूटीएसच्या (वूफरचा स्वतःचा क्यू), एक अधिक व्हीएएस भागिले जागा, याच्या वर्गमुळाइतका पट होतो. दहापट जागेत ही वाढ जेमतेम ५ टक्के, चौपट जागेत सुमारे १२ टक्के.

उदाहरण घ्या. १५ इंची चार वूफर, प्रत्येकी ३०० लिटर व्हीएएस, एकूण १,२०० लिटर. माळा ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि आढ्याखाली २ मीटर उंच, त्रिकोणी. त्याची जागा ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर, एकूण व्हीएएसच्या चाळीसपट. टाक्या, डक्ट, इन्सुलेशन वजा केलं तरी भरपूर उरते. उतरत्या छपराच्या घरात जागा कमी पडल्याचं क्वचितच घडतं. अडतं ते दुसरीकडेच.

माळ्याला हवेचे झरोके आहेत. ते बुजवू का?

बुजवू नका. माळ्यातून बाहेर गळलेला दाब तुमच्या खर्जाचं काही बिघडवत नाही. माळा कोरडा राहायला मात्र ते झरोके लागतात. बंद करायची ती भोकं जी माळ्यातून थिएटरमध्ये येतात: माळ्याची झडप, छतातले दिवे, वायरींची भोकं, पंख्याचा हुक. पुढची आणि मागची हवा तिथेच भेटते. झडपेला चारही बाजूंनी रबरी पट्टी आणि दाबून धरणारी कडी लावा, नाहीतर ती खर्जाबरोबर ताल धरेल.

झरोक्यांतून आवाज बाहेर जातो, हे मात्र खरं. घरं एकमेकांना खेटून असतील तर ते आताच मोजून ठेवा.

तुळई किंवा कैचीचा एखादा भाग कापला तर?

कैचीला (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) हात लावायचा नाही. तिचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याचा भार ओढत किंवा ढकलत असतो. मधलं लाकूड निरुपयोगी दिसतं म्हणून ते निरुपयोगी नसतं. साध्या आडव्या तुळया असतील आणि एक तोडणं अगदीच भाग असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे दोन्ही टोकांना आडवा आधार देऊन भार शेजारच्या तुळयांवर टाकता येतो. पण कापाकापी टाळणारी रचनाच आधी शोधा. दोन तुळयांमधला अरुंद गाळा मिळाला तरी पुरतो, ते पुढे येतंच आहे. गॅरेज आणि घर यांच्यामधलं छत आग अडवण्यासाठी बांधलेलं असेल, तर तिथे भोक पाडण्याआधी स्थानिक नियम बघा.

वूफर सरळ छतातच, तोंड खाली करून, का बसवू नये?

बसवता येतो, आणि एखाद्याच लहान वूफरसाठी ते ठीकही आहे. दोन गोष्टी मात्र आड येतात.

पहिली गोष्ट म्हणजे लोंबणं. कोन आडवा बसला की गुरुत्वाकर्षण त्याला कायम खाली ओढतं. किती, ते फक्त मुक्त रेझोनन्सवर म्हणजे एफएसवर ठरतं. कोन जड की हलका याने फरक पडत नाही, कारण वजन आणि ताण दोन्ही एफएसमध्ये आधीच आलेली आहेत. २४,८४९ ला एफएसच्या वर्गाने आणि मिलिमीटरमधल्या एक्समॅक्सने (कोन मधल्या जागेपासून एका बाजूला किती सरकू शकतो ते अंतर) भागा. एक्समॅक्सच्या किती टक्के कोन खाली बसेल ते उत्तर येतं. ५ टक्क्यांच्या आत असावं. एफएस २० हर्ट्झ आणि एक्समॅक्स १५ मिलिमीटर असेल तर कोन ०.६२ मिलिमीटर उतरतो, म्हणजे ४ टक्क्यांच्या जरा वर. चालेल. तोच एफएस १६ वर आणला की उतार जवळजवळ १ मिलिमीटर होतो आणि मर्यादा ओलांडतो. खोल खर्जासाठी कमी एफएसचा वूफर हवासा वाटतो आणि नेमका तोच आडवा बसवायला सगळ्यात वाईट. शिवाय स्पायडर वर्षागणिक सैल होतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट धक्क्याची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. हलता भाग २५० ग्रॅमचा, २० हर्ट्झवर १५ मिलिमीटर पुढे-मागे होतोय, तर प्रत्येक वूफर आपल्या चौकटीला सुमारे ५९ न्यूटनचा धक्का देतो. असे चार एकाच दिशेने बसवले तर छताला सेकंदाला वीस वेळा सुमारे २४ किलो वजनाइतका जोर वर आणि तितकाच खाली बसतो. मग छत हेच एक मोठं वाद्य होतं.

मॅनिफोल्ड दोन्ही प्रश्न एकदम सोडवतो. माळ्यात तुळयांच्या वर एक पेटी, तिच्या समोरासमोरच्या उभ्या बाजूंवर वूफर, चुंबकं माळ्याकडे आणि कोन आत एकमेकांकडे, पेटीचं खालचं तोंड छतातून खोलीत उघडं. कोन उभे असल्यामुळे लोंबत नाहीत. समोरासमोरचे दोघे एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर जातात, त्यामुळे धक्के पेटीतच संपतात. भरल्या ग्लासातलं पाणी हलू नये, इतपत शांत मॅनिफोल्ड बनवता येतो.

मॅनिफोल्डची मापं कशी ठरवायची?

तोंडाचं क्षेत्रफळ हा कळीचा आकडा. वूफरांच्या एकूण कोनक्षेत्राइतकं तोंड उत्तम, तीन चतुर्थांश चालतं, निम्म्याच्या खाली जाऊ नका. हवा फुसफुसायला लागते. १५ इंची वूफरचं कोनक्षेत्र साधारण ८२० चौरस सेंटीमीटर. जोडीचं १,६४०. आतून ४२ बाय ३० सेंटीमीटरचं तोंड ठेवलं तर १,२६० होतं, म्हणजे सुमारे ७७ टक्के. पेटीला १८ मिलिमीटर प्लाय लावला तर बाहेरची रुंदी ३३.६ सेंटीमीटर. ४० सेंटीमीटरवर तुळया असतील तर मधल्या मोकळ्या गाळ्यात ती गळ्यासारखी उतरते, एकही तुळई न कापता. वूफरांचा भाग तुळयांच्या वर राहतो.

मॅनिफोल्डची खोली, म्हणजे तोंडापासून वरपर्यंतचं माप, विनाकारण वाढवू नका. गळा आणि पेटी मिळून ६० सेंटीमीटर झाली की पोकळीचा स्वतःचा सूर १०० ते १४० हर्ट्झच्या आसपास येतो. ८० हर्ट्झवर तीव्र उताराचा क्रॉसओव्हर (सबवूफरकडे फक्त खालचे सूर पाठवणारा फिल्टर) असेल तर तो दबून जातो. मीटरभर खोल विहीर केली तर नाही दबणार.

वूफरांच्या बाजूंना प्लायचे दोन थर घेतले तर उत्तम, पण दुसरा थर तुळयांच्या वरच्या भागातच द्या, म्हणजे गळा अरुंद राहतो. जोड्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही. वूफरसाठी लाकडी स्क्रू नकोत, प्लायमध्ये बसणारे टी-नट आणि मशीन बोल्ट घ्या. दोन वूफरांची पेटी सहज ४० किलोच्या घरात जाते; तिचा भार तुळयांवर टाकायचा, जिप्समच्या पत्र्यावर नाही. तुळया आणि पेटी यांच्यामध्ये रबराची पट्टी असावी.

छतात नेमकं कुठे?

छताचा खरा फायदा इथे आहे. जमिनीवरच्या सबवूफरला सोफा, दार, येणं-जाणं बघून जागा मिळते. छत मोकळंच असतं.

६ मीटर लांब खोलीचा पहिला मोड (दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) सुमारे २९ हर्ट्झवर असतो, दुसरा ५७, तिसरा ८६, चौथा ११४. चारही वूफर एकाच मॅनिफोल्डमध्ये खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवले तर पहिला मोड उठत नाही, पण दुसरा चांगलाच उठतो. कोपऱ्यात ठेवले तर सगळेच उठतात. त्याऐवजी दोन जोड्या करा: एक लांबीच्या एक चतुर्थांशावर, दुसरी तीन चतुर्थांशावर, दोन्ही रुंदीच्या मध्यरेषेत. पहिल्या आणि तिसऱ्या मोडला या दोन जोड्या विरुद्ध बाजूंनी ढकलतात आणि एकमेकींना रद्द करतात. दुसऱ्या मोडचा शून्यबिंदू नेमका चतुर्थांशावर असतो, म्हणून तो उठतच नाही. उरला चौथा, आणि तो क्रॉसओव्हरच्या वर. रुंदीचा पहिला मोडही मध्यरेषेमुळे शांत. सर्व आसनांवर सारखा खर्ज मिळवायची याहून स्वस्त युक्ती नाही, कारण यात लाकडाशिवाय काही जास्त लागत नाही. आयताकृती, घट्ट बंद खोलीत हे पुस्तकाप्रमाणे चालतं. एका बाजूला मोठी कमान उघडी असेल तर निम्मंच.

उंचीचा मोड मात्र छतातला वूफर पूर्ण जोराने उठवतो. २.७ मीटर उंचीला तो सुमारे ६४ हर्ट्झवर येतो. बसलेल्या माणसाचे कान खोलीच्या मध्य उंचीच्या थोडेच खाली असतात आणि तिथे त्याचा दाब फार कमी असतो, त्यामुळे सहसा त्रास होत नाही.

वूफर कसा निवडायचा?

क्यूटीएस ०.५ ते ०.८ च्या दरम्यान, ०.७ च्या जवळ असेल तर छान. पोर्ट असलेल्या पेटीसाठी बनवलेल्या वूफरचा क्यूटीएस ०.३५ च्या आसपास असतो. इन्फिनिट बॅफलमध्ये तो एफएसवरच ९ डेसिबल खाली गेलेला असतो, तर ०.७ चा ३ डेसिबल. चुंबक मोठं म्हणजे वूफर चांगला, हा समज इथे उलटा पडतो. एफएस १६ ते २५ हर्ट्झ, एक्समॅक्स जितका परवडेल तितका. बाकी जाहिरातीतले वॉट विसरा.

किती वूफर लागतील?

आवाज म्हणजे हलवलेली हवा. ८२० चौरस सेंटीमीटरचे चार कोन १५ मिलिमीटर हलले तर ४.९ लिटर हवा सरकते. सपाट छतावरून, एक मीटरवर, २० हर्ट्झला ती सुमारे ११४ डेसिबल देते. तीच हवा १० हर्ट्झला १०२. एक सप्तक खाली जायला चौपट हवा हलवावी लागते, यातून सुटका नाही. चित्रपटांच्या संदर्भ पातळीवर एलएफई (फक्त खर्जासाठी राखलेल्या) वाहिनीचं शिखर आसनावर ११५ डेसिबल धरलेलं असतं. अंतर थोडं खातं, खोली बरंच परत देते. मध्यम खोलीला १५ इंची चार वूफर हा माझ्या मते योग्य आरंभ. दोन १८ इंचीही चालतील, पण मग वर सांगितलेली दोन जोड्यांची रचना हातातून जाते.

असा सबवूफर खरंच १० हर्ट्झपर्यंत जातो?

खोलीच्या पहिल्या मोडच्या खाली हवा लहरीसारखी न वागता एकदम दाबली जाते, आणि तिथे खोली सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत भर घालू शकते. वूफर एफएसच्या खाली सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. कागदावर दोन्ही एकमेकांना बरोबर भरून काढतात. खऱ्या घरात दारं, खिडक्या, जिप्समच्या भिंती दाब गळू देतात, त्यामुळे भर कमी मिळते. तरीही १५ हर्ट्झच्या खाली काहीतरी अंगाला जाणवणं या रचनेत नवलाचं नाही.

रोटरी वूफर म्हणजे हाच का?

नाही, पण नातं आहे. एमिनंट टेक्नॉलॉजीचा टीआरडब्ल्यू-१७ पंख्याच्या पात्यांचा कल बदलून २० हर्ट्झच्या खालचा आवाज काढतो आणि त्यालाही मागे माळ्यासारखी मोठी जागाच लागते. साध्या कोनाच्या चार वूफरांनी मन भरलं नाही तर पुढची पायरी ती.

अ‍ॅम्प किती वॉटचा?

वाटतो त्याहून लहान. बंद पेटीत खालच्या सुरांसाठी हवेच्या स्प्रिंगशी झुंजण्यात वॉट जातात. इथे ती झुंज नाही. चार १५ इंची वूफरांना मिळून ४०० ते ६०० वॉट सहसा पुरतात. उलट जास्तीची ताकद धोक्याची, कारण कोनाला अडवणारी हवाच नाही.

क्यूटीएस ०.७ च्या जवळ असेल तर एक सोय आपोआप मिळते. ठरावीक व्होल्टेजवर कोनाची हालचाल एफएसपर्यंत वाढते आणि त्याखाली जवळजवळ स्थिर राहते. म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर कोन एक्समॅक्सपाशी थांबेल असा अ‍ॅम्प निवडला की तोच राखणदार. खालच्या टोकाला ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) उचल दिली की हे संरक्षण गेलं. मग सगळ्यात खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर हवाच. विनआयएसडीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे आधी काढून बघा.

वायरिंग?

४ ओहमचे चार वूफर: दोन-दोन सिरीजमध्ये, त्या जोड्या पॅरललमध्ये, अ‍ॅम्पला ४ ओहम. ८ ओहमचे असतील तर याच पद्धतीने ८. मॅनिफोल्डमधल्या समोरासमोरच्या दोघांची पोलॅरिटी सारखीच ठेवा. दीड व्होल्टची पेन्सिल बॅटरी क्षणभर लावून सगळे कोन एकाच दिशेने, आत किंवा बाहेर, जातात का ते माळ्यातच तपासा; खाली उतरल्यावर नाही.

शेजारच्या खोल्यांत किती ऐकू जाईल?

बरंच. हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा दोष आहे. कोनाच्या मागून निघणारी ऊर्जा पुढच्या इतकीच असते आणि ती अख्ख्या माळ्यात भरते. माळा बेडरूमवरही पसरलेला असेल, तर थिएटरमध्ये जितका खर्ज सोडता तितकाच तुम्ही बेडरूमच्या छतावर ओतता, आणि मध्ये असतो एक जिप्समचा पत्रा. काचलोकर किंवा दगडी लोकर उष्णता अडवते. २० हर्ट्झपुढे ती नसल्यासारखीच. उपाय आहे तो वजनाचा: माळ्यातच थिएटरच्या वरचा भाग जड, हवाबंद भिंतीने वेगळा करायचा. तेवढ्या भागाची जागाही बहुतेकदा दहापट भरते. हे करायचं नसेल आणि घरात तान्हं मूल किंवा रात्रपाळीचा माणूस असेल, तर बंद पेटीचे दोन सबवूफर घ्या. तेही खर्ज सोडतातच, पण निदान सगळ्या घराच्या डोक्यावर नाही.

छत खडखडेल का?

सुरुवातीला हो. १० ते १०० हर्ट्झचा सावकाश चढता सूर लावा आणि हात लावत फिरा: दिव्यांच्या कड्या, एसीची जाळी, दाराची बिजागरी, चित्रांच्या चौकटी, माळ्यातले सैल पाइप. एकेक आवाज त्याच्या सुरावरून सापडतो. जिप्समचे स्क्रू वाढवा आणि तुळईला पत्रा चिकटवून घ्या.

आवाज वरून येतोय हे कळतं का?

८० हर्ट्झच्या खाली, खडखड नसेल तर, नाही. कान वरच्या सुरांवरून दिशा ओळखतो आणि सबवूफरची जागा फोडतात ती त्याच्या जाळीची कुरकुर आणि हवेची फुसफुस. तोंडावर पत्र्याची जाळी न लावता लाकडी चौकटीवर ताणलेलं, हवा जाणारं कापड लावा.

माळ्यातली उष्णता आणि धूळ वूफरला सोसते का?

उन्हाळ्यात बंद माळा ५० अंशांच्या पुढे जातो. चांगल्या वूफरला ते चालतं, कमी वॉटमुळे कॉइलही फार तापत नाही. खरी काळजी लोकरीच्या तंतूंची. चुंबकामागे भोक असेल तर ते तंतू गॅपमध्ये जातात. पेटीभोवती पातळ कापडाचा सैल तंबू करा आणि इन्सुलेशन हातभर दूर ठेवा. थंड हवामानात मॅनिफोल्ड हा छताच्या इन्सुलेशनमधला एक खड्डा असतो, तिथे दव धरू शकतं. गळ्याच्या बाजू बाहेरून लपेटा, वूफर मोकळे सोडा.

मोजमाप कधी करायचं?

भोक पाडण्याआधी एकदा. उसना सबवूफर तुमच्या आसनावर ठेवा, मोजमापाचा माइक शिडीवर छताच्या नियोजित जागी धरा आणि आरईडब्ल्यू या मोजमापाच्या प्रोग्रॅमने आलेख काढा. उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं उत्तर तेच येतं. नंतर पुन्हा, सगळं बसल्यावर: आधी डिले (३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद), मग शिखरं कापणारा ईक्यू. खड्डे भरायला जाऊ नका.

वूफर कधी बदलावा लागला तर?

म्हणूनच माळ्याची झडप १५ इंची वूफर आडवा करून वर जाईल इतकी मोठी ठेवा, आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत तुळयांवर चालायला फळी टाका. मॅनिफोल्ड छताच्या कडेला, उतरत्या छपराखाली कोंबला तर बोल्ट लावताना हात जातो, काढताना जात नाही.